रविवारची भरती

मैनाचं लग्न दोनदा ठरून मोडलं होतं. म्हणून तिसऱ्या वेळी तिच्या आईने, चंद्रभागेने, भटजींच्या आधी नदीचा कौल घेतला.

कर्जतच्या या अंगाला नदी रोज दोनदा फुगते. समुद्र कुठे, ही कुठे! डोंगराखाली एका खासगी कंपनीचं वीजघर आहे. मुंबईत गिरण्या सुरू झाल्या, दिवे लागले, की तिथून पाणी सुटतं. रविवारी गिरण्या बंद, म्हणून नदी घोट्याएवढी. वरपक्ष पलीकडचा, नदीच्या उतारातून पाय भिजवत चालत येणारा. तेव्हा लग्न रविवारीच, असं चंद्रभागेने ठरवून टाकलं.

पण त्याच उन्हाळ्यात एका सरकारी साहेबाने नदीत काठी रोवली. पाणी दोनदा चढतंय, दोनदा उतरतंय हे पाहून गडी हरखला. "ही तर भरती!" लोकांनी परोपरीने सांगितलं, की साहेब, हे वीजघराचं पाणी. साहेब म्हणाले, "ते खासगी कारण झालं. सरकार त्याची दखल घेत नाही." झालं! भरतीपासून वीज काढायचा प्रकल्प मंजूर झाला आणि भरती सरकारजमा झाली. कंपनी म्हणाली, भरती आमच्या नळातून येते, ती आमची. शेवटी देवानेही कपाळाला हात लावावा असा तोडगा निघाला. पाणी सरकारचं, चावी कंपनीची, आणि एकाच्या लेखी हुकमाशिवाय दुसऱ्याने बोट हलवायचं नाही.

आणि उद्घाटन ठेवलं नेमकं त्याच रविवारी. मंत्र्यांना दाखवायला भरती नको का? म्हणून रविवारी पाणी सोडायचा लेखी हुकूम शनिवारीच निघाला.

इकडे मांडवात सनई, समोर नदी छातीएवढी, आणि पलीकडे बाशिंग बांधून उभा हिरामण. पुलावरून वळसा घालावा तर मुहूर्त टळणार. चंद्रभागा तशीच उद्घाटनाच्या शामियान्यात घुसली.

"सायेब, घटकाभर पानी बंद करा. माजी पोर उजवू द्या."

"बाई, पाणी आमचं, पण चावी कंपनीची."

शेजारच्या खुर्चीतला कंपनीचा माणूस म्हणाला, "आम्ही आत्ता बंद करतो. यांचा हुकूम आणा."

"आज रविवार," साहेब म्हणाले. "कचेरी बंद."

तिला रडू यायचं ते संतापाने आलंच नाही. मार्ग भटजींनी काढला. नदी हाच अंतरपाट! मंत्री अजून यायचे होते, त्यांच्या भाषणाचा भोंगा रिकामाच होता. त्यावरून मंगलाष्टकं झाली, दोन्ही काठांवरून अक्षता पडल्या, माशांचं पोट भरलं. पण अंतरपाट दूर झाल्याशिवाय माळा कशा घालणार? सगळ्यांनी साहेबाकडे पाहिलं. साहेबाने कंपनीकडे पाहिलं.

मैनाने शालूचा कासोटा मारला. "आये, मी जाते गं," म्हणाली, आणि म्हशीला पाण्यात घालून तिचं शेपूट धरलं. चंद्रभागेचा जीव टांगणीला लागला. म्हैस मात्र रोजच्यासारखी निवांत पोहत गेली. पलीकडे माळा पडल्या, टाळ्यांचा कडकडाट झाला. तेवढ्यात मंत्री आले, त्यांनी टाळ्या आपल्याच समजून हात जोडले.

पाणी ओसरलं की पलीकडे जायचं, पोरीची ओटी भरायची, तिला पोटाशी धरायचं, असं चंद्रभागेने मनाशी धरलं होतं. तोवर ती पंगती वाढत राहिली. वरपक्षाला दिवेलागणीच्या आत सून घरी न्यायची होती. त्यांनी काठावरून हात हलवले, गाड्या जुंपल्या.

मंत्र्यांची मोटार गेली आणि पाणी उतरलं. चंद्रभागा पदरात तांदूळ-नारळ घेऊन धावत उताराने पलीकडे गेली. तिथे म्हैस तेवढी रवंथ करत उभी होती. मग मात्र ती म्हशीच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली.

मागून साहेब आले, विजार गुडघ्यापर्यंत वर करून. "बाई, ही ओहोटी कुणाची? आमचा हुकूम नव्हता. कंपनी म्हणते, आम्हीही केली नाही. कुणाच्या नावावर घालू?"

चंद्रभागेने पदराने डोळे पुसले.

"माज्या," ती म्हणाली.