अक्काला दुखणारा माझा दात

सकाळच्या सरावापासून माझा दात अक्काला दुखायला लागला.

पळता पळता मी खो-खोच्या खांबावर तोंडावर आपटले. ओठ फाटला, वरचे पुढचे दोन दात हलायला लागले. दुखलं मात्र काहीच नाही, म्हणून ओठाला रुमाल लावून मी सराव पुरा केला. घरी आले तर अक्का शिलाई मशीनवर डोकं टेकून बसली होती. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तोंडावर हात धरून ती म्हणाली, "निलू, कुठं आपटलीस गं?"

तिचे दात धड होते. आम्ही दोघी दातांच्या मिराशी डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी मला खुर्चीत घेतलं आणि अक्काला दाराबाहेरच्या बाकावर बसवलं. ओठ उलटून त्यात दाताचा तुकडा अडकलाय का ते बघितलं. दात एकमेकांवर नीट बसतात का, ते चावायला लावून पाहिलं. मग आरशाच्या दांड्यानं पुढच्या दातावर हलकेच ठोकलं.

"दुखतंय?"

"नाही."

बाहेर अक्का कळवळली.

डॉक्टरांनी आम्ही दोघी दिसू अशा बेतानं स्टूल सरकवलं. कापसाच्या बोळ्यावर गार फवारा मारून तो माझ्या दाताला लावला.

"गार," अक्का बाहेरून म्हणाली. "लई गार."

"आणि तुम्हाला?" त्यांनी मला विचारलं.

"काही नाही."

"दात जिवंत आहे," ते म्हणाले. "तुमच्यात नाही, एवढंच."

ताडून बघायला त्यांनी शेजारचा, मार न लागलेला दात घेतला. तोही अक्कालाच गार लागला. मग दाढ, मग टाळू. शेवटी त्यांनी माझ्या गालाला चिमटा काढला आणि अक्कानं आपला गाल चोळला.

डॉक्टरांनी हातमोजे बदलले.

"दात जागेवर बसवून शेजारच्या दातांना तारेनं बांधावे लागतील. उशीर केला तर वाचायचे नाहीत. पण एकदा बांधले की जे जिथं आहे ते तिथंच बसेल."

"मग आधी सगळं माझ्याकडे आणा," मी म्हणाले.

"ते माझ्या हातात नाही. त्यांनी सोडायला हवं."

मी खुर्चीतून उतरले आणि बाकापुढे उकिडवी बसले.

"अक्का, सोड. माझं मला दे."

"मी काय नको म्हणते होय?" ती म्हणाली. "पण कुठं धरलंय तेच कळंना झालंय."

मी तिचा हात ओढून माझ्या गालावर दाबून धरला. मला काही लागलं नाही. अक्कानं दुसऱ्या हातानं आपला गाल चाचपला.

"माझे हात एवढे खरबरीत आहेत होय गं," ती म्हणाली.

मला रडू आलं, पण डोळे तिचे भरले. तिनंच डॉक्टरांना सांगितलं, "बांधा. दात तरी वाचू देत पोरीचे."

भुलीचं इंजेक्शन त्यांनी अक्काच्या हिरडीत दिलं. तिचा ओठ लोंबायला लागला. मग माझ्या ओठाला टाके घातले, दात बोटांनी दाबून जागेवर बसवले, तार ओढून घेतली. डोक्यावर पंखा जोरात फिरत होता. त्याचं वारं मला लागत नव्हतं. बाकावर वारा यायला जागा नव्हती, तरी अक्काच्या कपाळावरचे केस उडत होते.

"झालं," डॉक्टर म्हणाले. "चूळ भरा."

मी पेल्यातलं पाणी तोंडात घेऊन खुळखुळवलं. थुंकायला वाकले, तर तोंडातून काहीच पडलं नाही.

बाहेर अक्काचे गाल फुगले. ती घाईघाईनं उठली, दारातल्या कुंडीवर वाकली आणि गुलाबी पाणी थुंकली.