पॉपकॉर्नची बंदूक

एप्रिलमध्ये आर्डन स्काउग कुंपणाच्या तारा ओढत होता. तेवढ्यात त्याच्या उजव्या डोळ्यासमोर कोपऱ्यातून काळी झालर उतरली. त्याला वाटलं टोपी घसरली. टोपी काढली, तरी झालर तिथंच. बायकोनं, कोलीननं, त्याला चिखलाच्या बुटांसकट गाडीत घातलं आणि थेट मिझूलाच्या इस्पितळात नेलं. डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. ऑपरेशन झालं, आणि पुढं आठवडाभर आर्डन जमिनीकडं तोंड करून पालथा पडून राहिला. सहासष्ट वर्षांत त्यानं इतका वेळ काहीही न करता काढला नव्हता. बोलायला मात्र तोंड मोकळं होतं. त्याचा त्रास कोलीनला झाला.

डोळा वाचला. उन्हाळा सरता सरता शेवटची तपासणी झाली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता घोड्यावर बसा, लाकडं फोडा, काय हवं ते करा."

"आणि शिकार?"

"बंदूक कुठली?"

"थ्री-हंड्रेड मॅग्नम," आर्डन छाती फुगवून म्हणाला.

बाई बिटररूटच्या खोऱ्यातच वाढलेल्या. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. "ती विसरा. खांद्यावर घण बसतो तसा तिचा दणका बसतो, आणि तोच डोक्यात जातो. काहीतरी मऊ बघा. पडदा पुन्हा सुटला तर मी हमी देणार नाही."

घरी येईपर्यंत आर्डन गप्प होता. कोलीननं ही गोष्ट आपल्या बहिणीला फोन करून मुद्दाम सांगितली.

कारण आर्डन स्काउग म्हणजे मॅग्नम, हे अख्ख्या खोऱ्याला माहीत होतं. वीस वर्षांचा असताना बापानं ती बंदूक त्याच्या हातात दिली. लांब नळीची, अक्रोडाच्या दस्त्याची, दुर्बिणीसकट दहा पौंडांची. एल्क म्हणजे सांबराचा थोरला भाऊ. त्याला लोळवायचा तर तोफच हवी, असं आर्डनचं मत, आणि हे मत तो कॉफीच्या टेबलावर, चर्चच्या अंगणात, कुणी विचारो न विचारो, ऐकवायचा. त्याची धाकटी बहीण मर्ना वर्षानुवर्षं एका छोट्या काडतुसाच्या बंदुकीनं शिकार करायची. तिच्या त्या बंदुकीला आर्डन "पॉपकॉर्न" म्हणायचा. "मर्नाच्या बंदुकीनं हरणाला गुदगुल्या होतात, मग ते हसून हसून मरतं," हा त्याचा विनोद गावानं इतक्यांदा ऐकला होता, की आता नुसतं "गुदगुल्या" म्हटलं तरी लोक मान डोलवायचे.

सप्टेंबरमध्ये तो ड्वेन पर्सेलच्या बंदुकांच्या दुकानात गेला. गुडघेही आता दहा पौंड डोंगरावर चढवायला कुरकुरायला लागले होते. तेव्हा त्यानं मनाशी ठरवलंच होतं: काडतूस आपलंच ठेवायचं, फक्त बंदूक हलकी घ्यायची.

ड्वेननं एक काळी, पिसासारखी बंदूक त्याच्या हातात ठेवली. आर्डननं ती खांद्याला लावली आणि त्याचा चेहरा फुलला. "ही बघ! ही मॅग्नममध्ये मिळते?"

"मिळते की. मिळते आणि परतही येते. दरवर्षी दोन-तीन येतात. एकाच्या तर भुवईवर दुर्बिणीची चंद्रकोर उमटली होती."

"का?"

"आर्डन, चाळीस वर्षं तुझ्या त्या धुडाचं वजनच दणका खात होतं. वजन काढलंस की दणका जाईल कुठं? तुझ्या खांद्यात. तुला चढायला हलकी हवी ना? मग काडतूसही हलकं घ्यावं लागेल. दोन्ही हातांत लाडू मिळत नाहीत."

"मग त्याहून छोटं, थर्टी-ओ-सिक्स?"

"हलक्या बंदुकीत तेही लाथ मारतं. तुझ्या डोळ्याची भानगड कोलीननं सांगितली मला."

"कुणाला सांगायची राहिली ते सांग."

ड्वेन हसला. "सेव्हन-ओ-एट घे. एल्कपासून हरणापर्यंत सगळं होतं, दणका निम्मा. फक्त जवळ जायला लागतं. तीनशे यार्डांच्या आत ये, मग एल्कला नळीवर काय लिहिलंय ते वाचता येत नाही."

आर्डननं बंदूक हळूच काउंटरवर ठेवली. सेव्हन-ओ-एट म्हणजे नेमकं मर्नाचं पॉपकॉर्न.

"गावात ती कोण वापरतं ते तुला ठाऊक आहे," ड्वेन दुसरीकडं बघत म्हणाला. "विकत घेण्याआधी चालवून बघ म्हणजे झालं."

पुढचा आठवडा आर्डननं कोठाराचं दार दुरुस्त करण्यात घालवला. दाराला काही झालं नव्हतं. शेवटी कोलीननं त्याच्या हातात प्लमच्या मुरंब्याची बरणी दिली आणि म्हणाली, "ही मर्नाला नेऊन दे. आणि ज्या कामासाठी जातोयस ते न करता आलास, तर रात्रीचं जेवण ड्वेनकडं."

मर्ना काउंटीची बर्फ ढकलायची गाडी चालवायची. ओढ्याच्या वरच्या अंगाला एका खेचरासोबत एकटीच राहायची. आर्डन गेला तेव्हा ती खेचराचे खूर साफ करत होती. तिनं मान वर केली नाही.

"मुरंबा पायरीवर ठेव. बंदूक आत दाराच्या मागं आहे."

"म्हणजे तुलाही कळलं?"

"मला कोलीननं सांगितलं, ड्वेननं सांगितलं आणि पोस्टातल्या बाईनं सांगितलं. खेचरानं तेवढं सांगायचं बाकी आहे." तिनं खूर खाली सोडला. "आधी म्हण."

"काय म्हणू?"

"मर्ना, मला तुझी पॉपकॉर्नची बंदूक हवीय."

आर्डननं आभाळाकडं बघितलं, खेचराकडं बघितलं. मग घसा खाकरून शब्दन् शब्द म्हणाला. मर्ना इतकी हसली की तिला कठड्याला धरावं लागलं. पण हसू ओसरल्यावर तिनं एकही टोमणा मारला नाही, आणि आर्डनला तेच जास्त लागलं.

दोघं खडीच्या जुन्या खाणीत गेले. मर्नानं समोरच्या उतारावर कागद लावला आणि काडतूस स्वतः भरल्यासारखं करून बंदूक भावाच्या हातात दिली. आर्डननं नेम धरला आणि चाप ओढला. नुसतं "टक" झालं. पण नळीचं तोंड मात्र झटक्यात खाली गेलं, आणि डोळे गच्च मिटलेले.

"रिकामी होती," मर्ना शांतपणे म्हणाली. "दणका आलाच नाही, तरी तू त्याला घाबरलास."

"घाबरलो नाही. सवय आहे."

"कधीपासूनची?"

आर्डन दुर्बिणीची काच पुसायला लागला. उत्तर त्याला माहीत होतं. किती तरी वर्षं हंगामाच्या आधी नेम तपासताना तो दोन-तीन गोळ्यांवर थांबायचा आणि काडतुसं महाग आहेत असं सांगायचा. जंगलात हुकलेल्या गोळ्यांचा दोष वाऱ्यावर जायचा.

मर्ना कधी भरलेली, कधी रिकामी बंदूक न सांगता देत राहिली. हळूहळू नळी जागच्या जागी राहायला लागली. मग एक गोळी सुटली आणि आर्डन एकदम म्हणाला, "अगं, दिसली!"

"काय?"

"गोळी लागलेली दिसली. दुर्बिणीतून. कागद हलला, मागं माती उडाली." तो तिच्याकडं बघत राहिला. मॅग्नम सुटली की खांदा मागं, दुर्बीण वर, समोर आभाळ. जनावर पडलं की नाही ते कायम नंतर शोधायचं. ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं आज प्रथमच त्याला आपल्या गोळीचं पुढं काय होतं ते दिसलं होतं.

"मला दरवेळी दिसतं," मर्ना म्हणाली.

ती त्याच्याबरोबर दुकानातही आली. आर्डनचा जीव अजून त्या काळ्या पिसात अडकला होता. काडतूस छोटं घेतो, पण बंदूक मात्र सगळ्यात हलकी घेतो, असं तो म्हणाला. मर्नानं त्याला दुकानाच्या मागच्या जिन्यावरून तीनदा वर-खाली धावायला लावलं आणि धापा टाकत असतानाच ती बंदूक हातात दिली. "आता त्या घड्याळावर नेम धर."

नळीचं टोक माशीसारखं भिरभिरायला लागलं. मग तिनं थोडी जड, दुर्बिणीसकट सातएक पौंडांची, आखूड नळीची दुसरी दिली. ती घड्याळावर टेकली आणि बऱ्यापैकी थांबली.

"फार हलकी बंदूक नाडीबरोबर नाचते. डोंगरावर तू काय खुर्चीत बसून मारणारेस?"

"हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी शिकवायला होतं कुठं," मर्ना म्हणाली आणि दुसरीकडं जाऊन हातमोजे बघत उभी राहिली.

आर्डननं ती सात पौंडांची घेतली. ड्वेननं तोंडातून "पॉपकॉर्न" शब्द काढला नाही. खोकं बांधताना मात्र तो गालात हसत होता.

नोव्हेंबरच्या मध्याला चांगला बर्फ पडला. आर्डननं मर्नाला फोन केला आणि बरोबर येतेस का विचारलं. तिनं आधी दिवस आणि वेळ पक्की करून घेतली. मग ती म्हणाली, "खेचर मी आणते."

चाळीस-पंचेचाळीस वर्षांत बहीण-भाऊ एकत्र शिकारीला गेले नव्हते. एका गावात राहून, एकाच डोंगरात जाऊन.

उजाडताना ते कड्याच्या माथ्यावर पोचले. खेचर खाली झाडीत बांधून आले होते. शिकारीच्या नारिंगी जाकिटांवर हिम बसलं होतं. दरीपलीकडच्या उतारावर एल्कचा कळप चरत होता, माद्या आणि एक जवान नर. आर्डननं अंतर मोजलं. साडेचारशे यार्ड आणि वारा आडवा. मॅग्नम असती तर आतापर्यंत आवाज दरीत घुमला असता. तो बर्फात आडवा झाला, बंदूक पिशवीवर टेकवली, नर दुर्बिणीत घेतला. मर्ना शेजारी बसून होती. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

थोड्या वेळानं आर्डननं बोल्ट उघडून काडतूस बाहेर काढलं. "लांब आहे," तो म्हणाला.

"आहे," मर्ना म्हणाली. "चल मग."

दरीत उतरून वाऱ्याच्या उलट्या बाजूनं वर चढायला सकाळ गेली. मर्ना पुढं. ती चार पावलं टाकायची, थांबायची, ऐकायची. आर्डनला वाटायचं, आता काय बघतेय ही? मग त्यालाही फांदीखालच्या ताज्या लेंड्या, बर्फात नुकताच उमटलेला खुराचा ठसा दिसायला लागला. एका पडलेल्या लार्च झाडाच्या खोडावर ते दम घ्यायला बसले. तिनं थर्मासमधली कॉफी त्याच्या झाकणात ओतली.

"माझी बंदूक मला कधी मिळाली ते आठवतं तुला?" तिनं विचारलं.

"तू सोळा वर्षांची होतीस. बाबांनी दिली."

"आणि पहिल्या दिवशी काय झालं?"

आर्डनला त्या दिवसाचा एकच तुकडा आठवत होता. त्यानं स्वतः मारलेला सहा फाट्यांच्या शिंगांचा नर, ज्याचं मुंडकं अजून दिवाणखान्यात भिंतीवर होतं.

"तू बाबांना म्हणालास, हिच्या बंदुकीनं जनावर नुसतं जखमी होईल, हिला गाडीतच बसू दे. बाबांनी ऐकलं. तुम्ही दोघं गेलात." तिच्या आवाजात राग नव्हता. कालच्या हवेबद्दल बोलावं तसं ती बोलत होती. "हातपाय गारठले तेव्हा मी उतरले आणि उलट्या दिशेला चालायला लागले. तेव्हापासून तशीच एकटी जाते."

आर्डनच्या हातातली कॉफी निवली. काहीतरी विनोद करावा असं जिभेवर आलं होतं. ते त्यानं गिळलं.

"चूक झाली माझी, मर्ना," तो म्हणाला. "आणि नुसती त्या दिवशीची नाही. नंतर चाळीस वर्षं मी त्याच्यावर लोकांना हसवलं."

मर्नानं झाकण परत घेतलं, झटकलं, थर्मासवर फिरवून बसवलं. "विनोद तसा बरा होता," ती म्हणाली. "पहिली दहा वर्षं." मग नाक पुसून उठली. "चल, वारा फिरायच्या आत."

कळप वर सरकला होता. माथ्याखालच्या मोकळ्या पट्टीच्या कडेला मर्ना गुडघ्यावर बसली आणि तळहात मागं करून त्याला थांबवलं. झाडांमधून माद्या एकामागं एक चालल्या होत्या. शेवटी नर. सव्वाशे यार्ड, फार तर. आर्डन एका फांदीला टेकला. श्वास वर-खाली होत होता, टोक हलत होतं. तो थांबला. नर थांबला, बाजू करून उभा राहिला. चाप कधी ओढला गेला ते आर्डनला कळलं नाही. पण बाकीचं सगळं दिसलं. खांद्यामागचे केस विस्कटले, नर अंगातून शहारला, चारदोन ढांगा टाकून गुडघ्यांवर बसला आणि आडवा झाला. त्या जनावराचं मरण आर्डनला पूर्ण दिसलं. तो बर्फात खाली बसला.

"डोळा?" मर्नानं विचारलं.

आर्डननं डावा डोळा हातानं झाकला आणि उजव्यानं तिच्याकडं बघितलं. "तुझ्या नाकावर हिम आहे."

पुढचं काम उशिरापर्यंत पुरलं. खालून खेचर आणायचं, कातडं सोलायचं, मांडीचे आणि पुढच्या पायांचे चार भाग सुटे करायचे, ते खेचरावर दोन्हीकडं सारखे बांधायचे. आर्डनला गाठी आठवेनात. मर्नानं त्याला ढकलून बाजूला केलं आणि म्हणाली, "तू काळीज धर, तेवढं तरी सांडू नकोस." उतरताना बोलणं फारसं झालं नाही. मध्येच आर्डन म्हणाला, "अर्धं मांस तुझं," आणि ती म्हणाली, "मला अर्धं नको, मला पाठीचा लांब तुकडा हवा. तो नेहमी तू घ्यायचास."

कोलीननं त्या संध्याकाळी कांदा घालून काळीज परतलं. तिघं टेबलाशी बसली. भिंतीवरच्या त्या सहा फाट्यांच्या मुंडक्याकडं मर्नाची पाठ होती. बोलता बोलता ती म्हणाली, "माझा एका एल्कचा परवाना अजून शिल्लक आहे. शनिवारी मी दक्षिणेकडच्या धारेवर जाणारेय."

आर्डननं पावाचा तुकडा ताटातल्या रश्श्यात फिरवला. "मी येऊ का?"

"मागं चालावं लागेल."

"चालेन."

"आणि बोलायचं नाही."

कोलीन हातातला काटा तसाच धरून नवऱ्याकडं बघत राहिली. चाळीस वर्षांच्या संसारात ती अट घालायचं तिला कधी सुचलं नव्हतं.

"नाही बोलणार," आर्डन म्हणाला, आणि त्यानं मिठाचं भांडं बहिणीकडं सरकवलं.