परिषदेआधीचा अहवाल

आमच्या विद्यापीठाच्या धोरण संस्थेत वार्षिक परिषदेचा अहवाल परिषदेच्या आधीच छापून येतो. अकरा वर्षं मीच तो टाइप करतेय. कोण काय बोलणार, कुठल्या विनोदावर लोक हसणार, सगळं संचालक आठवडाभर आधी सांगतात. आणि तसंच घडतं. मला वाटायचं, मोठी माणसं, ठरवून वागत असतील.

यंदाचा विषय होता नदीकाठची वस्ती हलवणं. तिथे माझी सख्खी मोठी बहीण राहते. वस्तीच्या वतीने तीच बोलणार होती. संचालकांनी ओळ सांगितली: ‘वस्तीच्या प्रतिनिधी उभ्या राहिल्या, काही बोलल्या नाहीत.’

“माझी ताई? सर, तिचं तोंड बंद करायला अख्खी संस्था पुरायची नाही.”

“तुम्ही टाइप करा बाई.”

मी ती ओळच गाळली आणि अहवाल छापायला धाडला. म्हटलं, निदान खोटं तरी छापायचं नाही.

परिषदेत ताई पहिल्या रांगेत बसली होती.

“घाबरलीस?”

“घाबरू दे त्यांना. तू पाणी भरून ठेव.”

ती उभी राहिली. “चाळीस घरं आहेत आमची. तुमच्यातला एक तरी तिकडे फिरकलाय?” माईक चालू होता. शेवटच्या रांगेत मला शब्दन् शब्द ऐकू आला. अध्यक्ष तिच्या आरपार घड्याळाकडे बघत होते. शेजारच्या गृहस्थाने तिच्या खुर्चीवर आपली बॅग ठेवली.

“अहो, ऐकू येतंय का कुणाला?”

कुणी मान वळवली नाही. ताई माझ्याकडे आली. “तुला तरी येतंय ना गं?” तिने माझा दंड धरला. पकड दिसत होती, जाणवत नव्हती.

मी संचालकांना सभागृहाबाहेर गाठलं. “ओळ मी गाळली. परत घाला.”

ते चिडले नाहीत. शुद्धिपत्राचा कोरा कागद पुढे सरकवला. मी लिहिलं, ‘उभ्या राहिल्या आणि बोलल्या.’ त्यांनी शांतपणे शेवटचे दोन शब्द खोडले.

“ठरलं तेच लिहा. नाहीतर राहू द्या.”

दाराच्या काचेतून ताई दिसत होती, परत आपल्या खुर्चीपाशी उभी. एक माणूस सरळ तिच्यातून चालत गेला.

मी ठरलं तेच लिहिलं आणि आत आले.

“सॉरी मॅडम, बसा ना,” म्हणत त्या गृहस्थाने बॅग उचलली. सगळ्या माना ताईकडे वळल्या. अध्यक्ष हसून म्हणाले, “बोला ताई, तुमच्यासाठीच थांबलोय.”

ताईने तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. तिने माझ्याकडे बघितलं.

सभागृहाने आदराने पूर्ण दोन मिनिटं वाट पाहिली. मग पुढच्या वक्त्याला बोलावलं.