मोतीबिंदूला दिव्याचा कौल

देवघरातला दिवा हळूच मंदावला आणि दिवाणखान्यात दाटीवाटीने बसलेल्या माणसांनी एकदम हात जोडले.

"नाही म्हणाला!" मागून कुणीतरी ओरडलं.

"श्श! देव बोलतोय."

मी दारातच उभी होते. हातात टेस्टर, खांद्यावर वर्कशॉपची पिशवी. चपला काढायला जागा नव्हती. ठाण्याच्या माजिवड्यातली निम्मी आळी विश्रामभाऊंच्या बंगल्यात लोटली होती.

ही १९९४ सालची गोष्ट. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाल्यावर मी वागळे इस्टेटमधल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये टेस्टिंगला लागले होते. आम्ही दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारी डिमर मॉड्युल बनवायचो. बटण नाही, फिरकी नाही. भिंतीवरच्या पितळी चकतीला बोट लावलं की दिवा मंद, पुन्हा लावलं की प्रखर. लग्नाच्या मंडपांना रोषणाई पुरवणाऱ्या विश्रामभाऊंनी हौसेने घरभर ती बसवून घेतली होती. सगळी मॉड्युल जिन्याखालच्या एका पेटीत, आणि तिथून खोल्याखोल्यांत वायरी.

तक्रार त्यांच्या पत्नीची, मंजुळावहिनींची होती. "देवघरातला दिवा मनाला येईल तेव्हा मंद होतो. मॉड्युल खराब आहे." आमच्या माणसांनी ते दोनदा बदललं होतं. काढून आणलेलं मॉड्युल टेबलावर तपासलं की ठणठणीत! म्हणून या वेळी मला पाठवलं.

पण इथं तर नादुरुस्त दिव्याची पूजा चालली होती. पितळी पत्र्याने मढवलेल्या देवघरासमोर महिपतबुवा बसले होते. पुढ्यात पाण्याने भरलेलं ताम्हन.

"मंडळी, आपण कोकणातली माणसं," बुवा खर्जात म्हणाले. "गावाला कौल कसा लावतो? देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पण पाकळी सुकते, वारा लागतो. इथं देवाने स्वतःच सुधारणा केली! दिवा तेजाळ, म्हणजे होय. दिवा मंद, म्हणजे नाही. ही बोर्डाची वीज नव्हे. ही मूळमायेची वीज!"

मूळमायेचं बिल मात्र दर खेपेला विश्रामभाऊंच्या नावावर येत होतं.

मंजुळावहिनींनी मला स्वयंपाकघरात ओढलं. "बरं झालं आलात. उद्या सकाळी सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. मोतीबिंदू इतका पिकलाय की डॉक्टर म्हणाले, आता थांबलात तर डोळ्यातला दाब वाढेल, दृष्टी कायमची जाईल. आणि हा मेला दिवा एकसारखा 'नको' म्हणतोय! बुवा म्हणतात, त्यापेक्षा माझं अंजन घाला."

"कशाचं अंजन?"

"विचारलं मी. म्हणाले, तेजाचं."

मी पेटीपाशी गेले, तसे विश्रामभाऊ धावत आले. "ताई, हात लावू नका. मॉड्युल बिघडलेलं नाही, जागृत झालंय."

"तेच बघायला आलेय, भाऊ. जागृत झालेलं गॅरंटीत बसतं का, तेही साहेबांना विचारावं लागेल."

दोघेतिघे हसले. तेवढ्यात मी पेटी उघडली.

दोष शोधायची आमची पद्धत सोपी. संशयित वस्तू आणि चांगली वस्तू यांची अदलाबदल करायची. दोष वस्तूबरोबर गेला तर वस्तू वाईट. होता तिथेच राहिला तर त्या जागेत काहीतरी आहे. मी दिवाणखान्याचं मॉड्युल देवघराला लावलं आणि देवघराचं दिवाणखान्याला.

"बुवा, आता लावा कौल."

बुवांनी ताम्हनात बोटं बुडवली, डोळे मिटले, ओठ हलवले. "देवा, तुळसाबाईंचा डोळा कापावा का?"

देवघरातला दिवा मंदावला. 'जागृत' मॉड्युल लावलेला दिवाणखान्यातला दिवा मात्र ढिम्म हलला नाही.

"पाहिलंत?" बुवा गरजले. "यंत्र बदललं, देव नाही बदलला!"

टाळ्या पडल्या. विश्रामभाऊंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पिशवी उचलून निघावं. पण बुवांचं वाक्य अर्धं बरोबर होतं. मॉड्युल निर्दोष होतं. म्हणजे शोधायचं ते त्या जागेत होतं. आणि त्या जागेत होतं तरी काय? देव, पितळी पत्रा, ताम्हन आणि महिपतबुवा. मी वायरीचा माग काढत देवघराच्या मागच्या बाजूला गेले, फटीत टॉर्च मारला आणि मला हसू फुटलं.

परत येऊन मी गंभीरपणे म्हटलं, "बुवा, तुमच्या ताम्हनातलं पाणी पायरीवर सांडतंय. मागे वायरी आहेत. वहिनी, एक पाट द्या बघू."

देवघराच्या पायरीवर तोच पितळी पत्रा मढवलेला होता आणि ताम्हन त्यावर ठेवलेलं होतं. मी ते उचलून खाली लाकडी पाटावर ठेवलं. बाकी काही बदललं नाही. आमचा दुसरा नियम तो, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ताम्हन उचलताना माझा हात लागून दिवा प्रखर झालाच होता. म्हटलं, "विचारा पुन्हा."

बुवांनी बोटं बुडवली. "डोळा कापावा का?"

दिवा लख्ख.

बुवांनी पाणी ढवळलं. पंजा बुडवला. मनगट बुडवलं. "देवा, नीट ऐक! कापावा का?"

दिवा लख्ख! बुवांचा ओला हात हळूहळू पत्र्याकडे सरकायला लागला.

"अहो बुवा!" मंजुळावहिनी किंचाळल्या. "ओल्या हाताने नको, शॉक बसेल!"

मूळमायेची वीज वापरणाऱ्या बुवांनी हात असा मागे घेतला की ताम्हनच कलंडलं.

"होय म्हणाला!" माणसं उठून उभी राहिली. विश्रामभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. "देवाने मत बदललं! आई, उद्या जायचं!"

मंजुळावहिनी माझ्याकडे बघून डोळ्यांनी सांगत होत्या, आता गप्प राहा. काम झालं होतं. मी पेटी बंद करून निघाले असते, तर उद्या ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं असतं. पण परवा हाच दिवा कुणाच्या तरी पोराच्या लशीला 'नाही' म्हणाला असता, आणि तेव्हा तिथं पाट ठेवायला कोणी नसतं.

"भाऊ, देवाने मत बदललं नाही," मी म्हटलं. "मी ताम्हनाची जागा बदलली."

मग मी सांगितलं. देवघरासाठी भिंतीवर जी पितळी चकती होती, तिच्यावरच सुतारानं शोभेचा पत्रा ठोकला होता. एक खिळा थेट चकतीला भिडला होता. त्यामुळे अख्खं देवघर म्हणजे एक मोठी चकती झालं होतं! घरातल्या वायरिंगमुळे आपल्या अंगात सतत अगदी नगण्य वीज उमटत असते. ती आपल्याला जाणवत नाही, मॉड्युलला जाणवते. बुवांचं बोट पाण्यात, पाणी ताम्हनात, ताम्हन पत्र्यावर. 'नाही' हवं तेव्हा बोट बुडवायचं, 'होय' हवं तेव्हा नुसतं पुटपुटायचं.

"थापा!" बुवा ओरडले. "माझ्या साधनेशिवाय दिवा हलणार नाही!"

"आजी, तुम्ही या," मी म्हटलं.

तुळसाआजींना उजेड आणि काळोख एवढंच कळायचं. सुनेचा हात धरून त्या आल्या, चाचपत पत्र्याला बोट लावलं. दिवा मंदावला. पुन्हा लावलं. प्रखर झाला.

"गो बाय माजे!" आजी खळखळून हसल्या. "म्हणजे देव माज्याय बोटात हा!"

मग रांगच लागली. आळीतल्या गंगुबाईंनी तर "मला लॉटरी लागेल का?" असं विचारून 'होय' येईपर्यंत बोट लावणं थांबवलंच नाही.

विश्रामभाऊ मात्र खाली बसले होते. "म्हणजे देव नको म्हणाला नव्हता, तसं होयही म्हणाला नाही. मग मी करू काय?"

मंजुळावहिनींनी कपाळाला हात लावला. खरं सांगून मी जमलेलं काम बिघडवलं होतं की काय?

"विश्रामा," आजी म्हणाल्या, "डॉक्टरान माजो डोळो तपासल्यान. दिव्यान तपासल्यान काय? फाल्या सकाळी माका घेवन चल."

या गडबडीत महिपतबुवा कधी निसटले ते कुणाला कळलं नाही. अंजनाच्या डब्या तेवढ्या राहिल्या. मंजुळावहिनींनी एक उघडून हुंगली आणि म्हणाल्या, "तेज कसलं? काजळ आणि कापूर!"

आजींचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. पट्टी काढल्यावर त्यांनी सुनेचा चेहरा निरखून पाहिला आणि विचारलं, "गो, तू इतकी रोडावलंस कधी?" हे मला वहिनींनीच फोनवर सांगितलं, हसता हसता आणि थोडं रडत.

देवावर श्रद्धा ठेवायची की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण देवाच्या नावाने कुणी तुमच्या डोळ्यांचा, औषधाचा, मुलाबाळांचा निर्णय घेऊ लागला, तर हात जोडण्याआधी एक करा. समोरची एकच गोष्ट बदला आणि काय होतं ते पाहा. वस्तू बदला, जागा बदला, माणूस बदला. आणि कुणी ती बदलूच देत नसेल, तर तुमचं उत्तर तुम्हाला तिथेच मिळालं.