वाकडा कठडा

"उतर आता," गाडीतल्या मागच्या टेबलाशी बसलेला तिचा नवरा सिग म्हणाला. "इथून मी घेतो."

इंगाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. समोर धक्का होता, धक्क्याला गाड्या नेणारी बेटाची लहान बोट लागली होती आणि पलीकडे चार मैलांवर थोरसे बेट दिसत होतं. घर. तीन महिने स्पेनच्या उन्हात राहून स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्क्नी बेटांचा हा करडा एप्रिल बघताना तिला रडू यायचंच बाकी होतं.

"अगं, ऐकतेस ना?"

"ऐकतेय. डॉक्टरांनी काय सांगितलं तेही ऐकलं होतं."

फेब्रुवारीत, स्पेनमधल्या अल्मेरियाजवळ, सकाळी दाढी करता करता सिगच्या उजव्या डोळ्यापुढे पडदा सरकला, तो परत उघडलाच नाही. सध्या स्टिअरिंगला हात लावायचा नाही, अंतराचा अंदाज चुकेल, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून चहा कपात कमी आणि बशीत जास्त पडत होता. तिथून इथपर्यंत ही सात मीटरची घरगाडी इंगाने आणली. शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं बटाटे उकडणाऱ्या बाईने! आणि या पठ्ठ्याने काय करावं? एवढ्या प्रवासात एकदाही तिच्या शेजारी बसला नाही. मागे जेवणाच्या टेबलाशी पट्टा लावून बसायचा, तोंड फुगवून. नकाशाही तिनेच बघायचा, शिव्याही तिनेच खायच्या.

बेटावर यातलं कुणालाच काही ठाऊक नव्हतं. फोनवर सिग सगळ्यांना सांगायचा, "मजेत आहोत."

स्पेनहून आलेल्या मोठ्या बोटीत गाडी नाकासमोर आत घालायची, नाकासमोर बाहेर काढायची. लेकराचं काम. या बोटीला मात्र दार एकच. धक्क्याच्या उतारावरून गाडी उलटी, मागे मागे घेत आत न्यावी लागते. थोरसेची माणसं ते शिट्टी मारत करतात. एकटी इंगा करत नसे. छत्तीस वर्षांपूर्वी तिने एकदाच केलं होतं, आणि डेकच्या टोकाचा लोखंडी कठडा वाकवला होता. कठडा अजून तसाच आहे. त्याला 'इंगाचं वळण' म्हणतात. लग्नात, बारशात, मयताच्या जेवणात, कुठेही बोलायला विषय संपला की तो निघतो. तेव्हापासून ती धक्क्यावर उतरायची, चालत बोटीत जायची आणि गाडी सिग न्यायचा. तो तर त्या बोटीवरचाच निवृत्त खलाशी. चौतीस वर्षं हाताच्या खुणांनी गाड्या आत घेतलेला.

"सगळीकडे तू चालवलीस," सिग पुढे येऊन तिच्या सीटमागे उभा राहिला. आवाज उतरला होता. "तेवढं इथलं मला करू दे. लोक बघतायत गं."

लोक बघतच होते. बेटावरचा डेव्ही लिंकलेटर ट्रॅक्टरला टेकून उभा होता, म्हणजे पुढच्या दहा वर्षांच्या चेष्टेची सोय बघायलाच. इंगाचा जीव तुटला. सिगने आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं. तिने पट्टा सोडला, किल्ली काढली आणि त्याच्यासमोर धरली.

सिगने हात पुढे केला. किल्लीच्या चार बोटं अलीकडे त्याची मूठ रिकामीच मिटली.

दोघंही त्या मुठीकडे बघत राहिले. मग त्याने दाराच्या कप्प्यातले आपले जुने कामाचे हातमोजे काढले, चढवले, आणि खाली उतरून तो तडक बोटीकडे गेला.

"बाजूला हो गं, कर्स्टीन," डेकवरच्या खलाशीणबाईला तो म्हणाला. "ही गाडी मी घेतो."

"घ्या की, सिगकाका. जागा तुमचीच आहे."

इंगाला स्टिअरिंगमागे बघताच डेव्हीने आरोळी ठोकली. "अरे देवा! कठडा सांभाळा रे, बाईसाहेब येतायत!"

"तुझा ट्रॅक्टर सांभाळ, डेव्ही!" खिडकीतून इंगा ओरडली.

तिने गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. आरशात सिग दिसत होता, ताठ, दोन्ही हात वर. ये. ये. थोडं डावीकडे. ये. उतार संपला, चाकं लोखंडावर चढली, खडखडाट झाला. ये, ये, अजून हातभर. आणि मग आरशाच्या कोपऱ्यात तिला तो कठडा दिसला. त्या जागेची तिच्याइतकी ओळख दुसऱ्या कुणाला असणार! बंपर वळणाशी आला होता. त्यामागे बोटीची लोखंडी भिंत.

सिगचे हात अजून बोलावत होते.

तिने ब्रेक दाबला.

सिगचे हात हवेतच राहिले. तो गाडीमागे गेला, भिंत आणि बंपर यांच्यामध्ये त्याने हातमोज्यातला हात घातला. तो जेमतेम मावला. आठवडाभर वाटावा इतका वेळ त्याने हात तिथेच ठेवला. मग पत्र्यावर दोन थापा मारल्या. झालं, लागली, अशी बोटीवरची खूण.

"वा!" डेव्ही म्हणाला. "सिगने बोलावली म्हणून नीट आली हो."

इंगाने मनात म्हटलं, असू दे. तेवढं त्याला असू दे.

"मी चुकीची बोलावली," सिग मोठ्याने म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "माझा उजवा डोळा गेलाय, डेव्ही. माझं ऐकलं असतं तर भिंतीत गेली असती. अल्मेरियापासून इथवर तिनेच आणलीय. दोन हजार मैल. एक ओरखडा दाखव, आणि मग बोल."

डेव्हीने टोपी काढली. ती कशाला काढली हे त्यालाही कळलं नसावं. इंगाने नाक शिंकरलं, आणि छत्तीस वर्षांत पहिल्यांदा तिला त्या वाकड्या कठड्याकडे सरळ बघता आलं.

पाऊण तासाने बोट थोरसेला लागली. कर्स्टीनने साखळी सोडली. इंगाने इंजिन सुरू केलं आणि सिग मागे चढायची वाट बघत बसली. मागचं दार काही वाजलं नाही. पुढचं डावं दार उघडलं. सिग वर चढला, तिच्या शेजारी बसला. पट्ट्याची कडी त्याला दोनदा चाचपावी लागली. तिने मदत केली नाही.

"हं," तो समोर बघत म्हणाला. "वर गेलीस की सरळ जा."

थोरसे बेटावर रस्ता एकच आहे.

"बरं," इंगा म्हणाली.