टेरिफिक

मिस्त्रीने वरच्या बिजागरीचा तिसरा स्क्रू पिळून काढला आणि दात-ओठ खात खिशात टाकला. डॉक्टरीणबाईंच्या घरासाठी दोन महिने खपून केलेलं दार! आज कडी बसवायला आला, तर दारावर पिवळी चिठ्ठी. इंग्रजीत एकच शब्द: टेरिफिक.

दुसरा कुठला शब्द असता तर त्याने कुणाला तरी विचारलं असतं. हा मेला ओळखीचाच निघाला. शाळा सुरू झाल्या झाल्या मुलीच्या चित्राखाली तिच्या शिक्षिकेने हाच शेरा मारला होता. तेव्हा त्याने वडिलांची जुनी डिक्शनरी काढून अर्थ पाहिला: भयंकर, भीतिदायक. आणि चित्र कुणाचं? त्याचंच, रंधा मारतानाचं.

“बापाचं भूत करून वर्गात मिरवतेस?” असं ओरडून त्याने रंगांची पेटी कपाटावर भिरकावली होती. पोरगी रडलीसुद्धा नाही. पण त्यानंतर तिने कागदावर एक रेघ ओढली नाही. बरं झालं, अभ्यास तरी करील, असं म्हणून तो मोकळा झाला होता.

“अहो मिस्त्री, दार का काढताय?” डॉक्टरीणबाई आतून धावत आल्या.

“भयंकर वाटतंय ना? मग नेतो परत! तोंडावर सांगायचं होतंत. चिठ्ठ्या कसल्या चिकटवता? त्याही इंग्रजीत, अडाण्याला कळू नये म्हणून!”

“अहो, टेरिफिक म्हणजे फारच छान!”

“मला शिकवू नका. डिक्शनरीत वाचलंय मी.”

“तो जुना अर्थ झाला. आता कोण वापरतं तसा? आपण नाही का म्हणत, भयंकर आवडलं म्हणून? तसंच ते.”

मिस्त्री खाली बसला. मग उठून त्याने तिन्ही स्क्रू पुन्हा बसवले, कडीही लावली. राग तसाच धुमसत होता, पण आता तो काढायचा कुणावर? चहा नको म्हणून तो तडक घरी आला.

मुलगी अभ्यासाला बसली होती. त्याने स्टुलावर चढून पेटी काढली, सदऱ्याने धूळ पुसली आणि तिच्या वहीशेजारी ठेवली.

मुलीने पेटीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. पटकन दोन्ही हात मांडीवर घेतले.

“बाबा, आता काय चुकलं माझं?”