आवाजवाला

आमचे हे सभांना, लग्नांना, दुकानांच्या उद्घाटनांना माईक आणि स्पीकर भाड्याने देतात. माईक हातात आला की आधी तीनदा ‘हॅलो’ म्हणायची सवय, म्हणून सगळा गाव ह्यांना ‘हॅलो’ म्हणतो. दुकानात वायरींची भेंडोळी आणि हिरोचे फोटो, बाकी जागा माझी. हिरो म्हणजे तोच, ज्याच्या बाळाचं नाव काय ठेवणार यावर आमच्या गल्लीत हमरीतुमरी झाली होती.

त्या संध्याकाळी ह्यांनी दोन कामं घेतली. चौकात मोबाइलचं नवीन दुकान उघडायला हिरो येणार होता, आणि चौकालगतच्या छोट्या सभागृहात वकीलबाईंची सभा होती. सभा नव्या कायद्याविरुद्ध होती. माणसाला कारण न सांगता उचलायचं, वकील मिळू द्यायचा नाही, आत किती दिवस ठेवायचं ते पोलिसांचं पोलिसांनी ठरवायचं, असा कायदा. तो त्याच आठवड्यात झाला होता, पण त्याच आठवड्यात हिरोला बाळही झालं, मग कायद्याकडे बघायला सवड कुणाला?

आवाजाचं दुसरं मशीन दुरुस्तीला गेलेलं. म्हणून ह्यांनी दोन्ही कार्यक्रम एकाच मशीनवर चालवले. मशीन दोन्हींच्या मधल्या जिन्याखाली ठेवलं, डावीकडची बटणं सभेची, उजवीकडची चौकाची. मी म्हटलं, “अहो, घोळ होईल.” हे म्हणाले, “वीस वर्षं हेच करतोय, गं.”

सभागृहात खुर्च्याच जास्त होत्या. चौकात मुंगी शिरायला जागा नव्हती. हिरो गाडीतून उतरला तसा असा गलका उठला की माझ्या कानठळ्या बसल्या. तो माईकवर बोलू लागला तसा ह्यांनी एका हाताने मोबाइल उंच धरला आणि दुसऱ्या हाताने हिरोचा आवाज वाढवायला गेले. नजर हिरोवर, बोटं मशीनवर. भलतंच बटण फिरलं.

हिरोचा आवाज बंद पडला आणि चौकातल्या सगळ्या कर्ण्यांमधून वकीलबाई बोलू लागल्या. “उद्या तुमच्या घरातला माणूस नेला, तर का नेला हे विचारायचा हक्कसुद्धा तुम्हाला उरणार नाही. आज तुम्ही गप्प बसलात तर—”

“बंद करा!” लोक ओरडले. शिट्ट्या, हुर्यो, बाटल्या. हिरो हसला, आणि माईक बंद असताना ओरडून म्हणाला, “ही कोण बाबा मावशी?” चौक खो खो हसला. तेवढ्यात ह्यांना बटण सापडलं. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचा मामला. वकीलबाईंचं बोलणं एवढ्या लोकांच्या कानांवर पडण्याची ती पहिलीच वेळ.

सकाळी दोघे साध्या कपड्यांत आले आणि ह्यांना घेऊन गेले. वकीलबाईंनाही नेलं, म्हणजे सल्ला विचारायला जायची सोयही उरली नाही.

मी चौकीवर गेले. साहेब बोलायला चांगले होते. “कारण सांगायचं बंधन नाही आता, ताई.” मी म्हटलं, साहेब, मुद्दाम नाही केलं, बटण चुकलं. त्यांनी मान हलवली. मग पुढे वाकून म्हणाले, “तुम्ही अगदी जवळ होतात ना? कसा दिसतो हो प्रत्यक्षात?”

मला वाटलं, व्हिडिओ दाखवावा. ह्यांची घाबरगुंडी, बटण शोधायची धांदल, सगळं दिसेल. चौकात प्रत्येकाचा मोबाइल वर होता, आणि माझा धाकटा दीर तर जिन्यावरच उभा होता. त्याने व्हिडिओ दाखवला. हिरो उतरतो, हात हलवतो, आणि एकदम फीत कापतो.

“मधलं कुठे आहे?”

“ते कापलं, वहिनी. मजा जात होती.”

सख्खा भाऊ आत गेलाय, आणि ह्याची मजा जात होती! मी त्याला नको नको ते बोलले. तो रडला. रडून व्हिडिओ परत येत नाही. मग घरोघर फिरले. सगळ्यांनी तेवढंच कापलं होतं. किराणावाले काका म्हणाले, “कुणीतरी बाई बडबडत होती खरी. काय म्हणत होती गं?” मी सांगितलं. काकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्यापुढेच अर्धं शटर ओढून घेतलं.

पुढच्या महिन्यात भेट मिळाली. जाळीपलीकडे हे, ह्यांच्या खांद्याशी शिपाई. ह्यांचा शर्ट अंगावर लोंबत होता. डाव्या हाताची बोटं ह्यांनी खिशातून बाहेर काढलीच नाहीत. मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, “हिरोने काही टाकलं का गं? त्याच्या एका शब्दावर सोडतील मला.”

टाकलं होतं, दुसऱ्याच दिवशी. मला पाठ होतं. “आवाजवाल्याने घोळ घातला, पण तुमचं प्रेम त्याहून मोठ्या आवाजात ऐकू आलं.” मी तसंच्या तसं सांगितलं. म्हटलं, आता तरी ह्यांचे डोळे उघडतील.

ह्यांचा चेहरा फुलला. “आवाजवाला म्हणाला? मला?” हे शिपायाकडे वळले. “ऐकलंत? माझ्याबद्दल लिहिलंय त्याने!”

शिपायाने पहिल्यांदाच ह्यांच्याकडे नीट पाहिलं. “खरंच की काय? तो आवाज तुमचा होता?” मग दाराकडे एक नजर टाकून हळूच म्हणाला, “बसा अजून पाच मिनिटं.”

ती पाच मिनिटं आम्ही तिघं हिरोबद्दल बोललो. तो उंचीला केवढा, गाडी कुठल्या रंगाची, बाळ कुणासारखं. मीही बोलले. बोलत राहिले तर वेळ आणखी वाढेल, असं वाटत होतं.

ह्यांना मारतात का, एवढंच मला विचारायचं होतं. ते राहून गेलं.